खैरडोहच्या पन्नास अळ्या

दुकानाला बाहेरून कुलूप होतं आणि दुकानदार आत होता.

मी लुना उभी केली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. खैरडोहच्या चौकात साठ-सत्तर माणसं जमली होती. 'सावरबांधे कृषी केंद्र' अशी पाटी, खाली हिरवं लाकडी दार, दाराला हातभर साखळी आणि कुलूप. बाजूच्या खिडकीचे गज धरून आतून दिवाकर सावरबांधे ओरडत होते, "अरे, बोलून तं घ्या! मले बोलू तं द्या!"

किल्ली बबनराव मोहोडांच्या मुठीत होती. बबनराव गावातले मोठे कास्तकार. आवाज मोठा, राग त्याहून मोठा.

"ट्रॅक्टर येऊन रायला," ते म्हणाले. "याले अन् याच्या सगळ्या बाटल्यायले ट्रॉलीत टाकतो अन् ठाण्यात नेतो. वीस दिवसांत चार फवारे मारले, अळी ढिम्म! पाणी विकलं यानं आमाले, पाणी!"

"ठाण्यात कायले?" मागून कुणीतरी ओरडलं. "इथंच पेटवा दुकान!"

तेवढ्यात सावरबांधेंची नजर माझ्यावर पडली. "मॅडम! अळ्यावाल्या मॅडम! यायले सांगा तुमी!"

सगळी माणसं माझ्याकडे वळली.

मी मॅडमबिडम कुणी नव्हते. शोभना ढोक, वय तेवीस, बारावी पास. तालुक्याच्या कापूस संशोधन केंद्रात रोजंदारीवर मदतनीस. तिथं अळ्या पाळायच्या हे माझं काम. हरभऱ्याच्या बेसनाचं खाद्य शिजवायचं, काचेच्या नळ्यांत ओतायचं, एका नळीत एकच अळी ठेवायची, कारण दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते. महिन्यातून एकदा खैरडोहला यायचं आणि कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळ्या वेचून न्यायच्या. आमचे देवतळे सर त्यांच्यावर औषध टाकून किती मरतात ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, मी त्याच कामाला आले होते आणि या गर्दीत सापडले होते.

बबनरावांनी एक बाटली माझ्यासमोर धरली. सायपरमेथ्रिन, बोंडअळीवरचं औषध. "तुमी त्या केंद्रातल्या ना? सांगा, हे खरं की खोटं?"

"नुसतं बघून नाही सांगता येत," मी म्हणाले.

"मंग कसं सांगता येते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. 'नमुना प्रयोगशाळेत पाठवा' म्हणून लुनाला किक मारायला हवी होती. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा सत्तर माणसं मला काहीतरी विचारत होती आणि मला उत्तर ठाऊक होतं.

"आमच्याकडे केंद्रात पाळलेल्या अळ्या आहेत," मी म्हणाले. "त्यांनी कधी औषध पाहिलेलं नाही. साध्या आहेत अगदी. तुमच्या गावच्या पन्नास अळ्या घ्यायच्या, आमच्या पन्नास घ्यायच्या. याच दुकानातली बाटली, तुमच्याच हातानं मापून. दोघींना एकच औषध. खोटं असेल तर आमच्याही मरणार नाहीत. आणि आमच्या मेल्या, तुमच्या नाही मेल्या..."

"तं काय?"

"तर औषध खरं आहे आणि गोष्ट वेगळी आहे."

सगळे एकदम बोलायला लागले. बबनरावांनी हात वर केला. "किती वेळ लागते याले?"

"उद्या दुपारी बाराला अळ्या पानांवर सोडू. परवा बाराला मोजू."

"अन् खोटं निघालं तं?"

"तर ठाण्यातल्या कागदावर पहिली सही माझी."

हे मी कुणाला विचारून बोलले? कुणालाच नाही. बोलले आणि माझेच कान तापले.

गर्दीतून अनसूयाबाई कोरडे पुढे आल्या. साठीच्या, एकट्या, पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, स्वतःच्या जोरावर करणाऱ्या. त्यांच्या वावरातून मी दर महिन्याला अळ्या न्यायची. त्यांनी बबनरावांच्या हातातून सरळ किल्ली घेतली.

"दोन दिवसांनं का तुई पऱ्हाटी पळून जाते का रे बबन? पोरगी म्हन्ते तं पाहू. दिवाकरले घरी जाऊ दे. दुकान राहू दे बंद."

सावरबांधे बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी मला हात जोडले नाहीत, आभारही मानले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, मी बंद पेटीच विकतो. जशी येते तशी. आत काय हाय ते मले बी माहीत नाही."

तेही घाबरलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

गावात एकच टेलिफोन बूथ होता. देवतळे सर कोइमतूरला बैठकीला गेले होते. तिथल्या अतिथीगृहाचा नंबर माझ्याकडे होता. सर फोनवर यायला दहा मिनिटं लागली. मी सगळं एका दमात सांगितलं. मधेच लाइनीत खरखर झाली.

"सर?"

"आपल्या साध्या अळ्या आता किती आहेत, शोभना?"

मला माहीत होतं ते हेच विचारणार. ऑगस्टात आमच्या अळ्यांवर रोग आला होता. ट्रेच्या ट्रे काळे पडले होते. "एकशे चाळीस. त्यातल्या सारख्या मापाच्या सत्तर असतील."

"आणि तुला किती हव्यात?"

"साठ. पन्नास औषधाला, दहा नुसत्या पाण्याला."

"उरलेल्या ऐंशीत परत रोग आला तर सगळं संपलं, हे समजतंय ना तुला?"

"हो सर."

"तरी न्यायच्यात?"

"सर, आज दुपारी ट्रॅक्टर येणार होता."

ते म्हणाले, "घेऊन जा. एकच सांगतो. जे दिसेल तेवढंच सांग. जे वाटतं ते सांगू नकोस."

दुपारभर मी, अनसूयाबाई आणि आणखी चार बायकांनी वावरात अळ्या वेचल्या. बोंडाला भोक आणि भोकाशी ओली विष्ठा दिसली की आत अळी. मला एकाच मापाच्या हव्या होत्या, करंगळीच्या नखाएवढ्या. "ही चालते का?" "मोठी झाली, सोडा." "अन् ही?" "ही चालते." थोड्या वेळानं बायकांचे डोळे माझ्याहून तयार झाले. एकीनं तर मी घेतलेल्या दोन अळ्या परत टाकायला लावल्या. साडेचारपर्यंत साठ अळ्या साठ डब्यांत होत्या. त्या मी अनसूयाबाईंच्या घरी गार कोपऱ्यात ठेवल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या साठ नळ्या मी ओल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात भरल्या, खोकं लुनाच्या पुढच्या जागेत दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं आणि बत्तीस किलोमीटर आले. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मी त्या अळ्यांशी बोलत होते, "जरा सांभाळा गं, जरा सांभाळा."

रविवार होता. शाळेच्या ओट्यावर गाव लोटलं होतं. सतरंजी अंथरलेली, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे शाळेचं लांब टेबल. लग्नाला बसतात तसे लोक बसले होते, फक्त नवरानवरीच्या जागी एकशेवीस अळ्या होत्या.

शाळेच्या कुंपणाशी कपाशीची चार झाडं आपोआप उगवली होती. त्यांना कुणी कधी फवारलं नव्हतं. पानं तिथली घेतली. अनसूयाबाईंकडून किल्ली घेऊन बबनरावांनी दुकान उघडलं आणि बाटली स्वतः निवडली, पहिल्या रांगेतली नाही, मागून हात घालून तिसऱ्या रांगेतली. सील त्यांनीच तोडलं. बादलीत पाणी त्यांनीच ओतलं, औषध झाकणानं त्यांनीच मापलं.

"पंपात टाकता तेवढंच ना?" मी विचारलं.

"तेवढंच. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही."

पानं बुडवली, सावलीत सुकवली, एकेका डबीत एकेक पान. केंद्रातल्या अळ्यांच्या डब्यांना निळा दोरा, गावच्या अळ्यांच्या डब्यांना लाल. दहा-दहा डब्यांत नुसत्या पाण्यात बुडवलेलं पान, म्हणजे अळ्या औषधानं मेल्या की उगाच, हे कळावं. बारा वाजता मी मऊ कुंचल्यानं पहिली अळी सोडली. साडेबाराला शेवटची.

मग सगळे वाट बघत बसले. मीही.

पाऊण वाजता निळ्या दोऱ्याच्या डबीत एक अळी वळवळायला लागली. साधी चाल नव्हे. अंग पिळून, गोल गोल. तोंडातून हिरवं पाणी आलं. मग दुसरी. मग एकदम पाच-सहा. लोक टेबलावर वाकले. "ए, सरक ना!" "मले पाहू दे!" "पडली, पडली! पाहा तिकडं, ते पण पडली!" एकच्या सुमाराला निळ्या डब्यांतल्या जवळजवळ सगळ्या अळ्या कुशीवर पडून थरथरत होत्या.

सावरबांधे खुर्चीतून उठून टेबलाशी आले. बाटली हातात घेऊन त्यांनी बबनरावांसमोर धरली. "पाणी हाय का हे, बबनराव? आँ? पाणी हाय?"

बबनरावांची नजर लाल दोऱ्यावर होती. "अरे... ह्या बी पडून रायल्या."

मी वाकून पाहिलं. गावच्या अळ्याही पडत होत्या. तशाच पिळवटत, तशाच थरथरत. दोन वाजता मी मोजल्या. पन्नासपैकी एक्केचाळीस आडव्या.

असं व्हायला नको होतं. केंद्रात सर मोजायचे तेव्हा खैरडोहच्या अळ्या जगलेल्या असायच्या. पण मी कधी मधल्या वेळात पाहिलंच नव्हतं. मी डब्या धुणारी. मला आठवत होता तो फक्त शेवटचा आकडा.

सावरबांधेंचा आवाज चढला. "पाहा समद्यायनं! औषध खरं! तुमच्या बी मेल्या, त्यांच्या बी मेल्या! तुमाले फवारताच येत नाही तं मी काय करू? पऱ्हाटीच्या शेंड्याले पाणी शिंपडता अन् मले कोंडता?"

"कोण शिंपडते रे?" बबनराव अंगावर धावले. "चार फवारे मी सोता मारले, पंप पाठीवर घेऊन! खांदे सोलले माये!"

दोघांच्या मधे चार जण पडले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पोरीनं काईतरी घोळ केला." ते मला नीट ऐकू आलं.

मी टेबलावर हात आपटला. इतक्या जोरात, की डब्या उडाल्या. "उद्या बाराला! मी कालच सांगितलं होतं, मोजणी उद्या बाराला! तोवर कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही."

"पडल्या त्या पडल्या," सावरबांधे म्हणाले.

"पडलेली अळी मेलेली नसते. जे दिसलं तेवढंच मी सांगते आहे. पडल्यात, एवढंच दिसलं."

डब्या शाळेच्या कपाटात ठेवल्या. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली बबनरावांकडे, एक सावरबांधेंकडे. मी अनसूयाबाईंकडे मुक्काम केला. जेवताना त्या माझ्या ताटात दुसरी भाकर टाकत म्हणाल्या, "घाबरली?"

"हो."

"मी पऱ्हाटीत इतके वर्सं फिरते. फवारा मारला की अळ्या खाली पडतात, हे मी बी पाहते. दुसऱ्या दिशी त्याच झाडावर अळी असते. मले वाटे दुसरी आली असंन."

माझा घास हातातच राहिला.

सोमवारी शाळेला सुट्टी नव्हती, पण शाळा भरलीच नाही. ओट्यावर कालच्यापेक्षा दुप्पट माणसं होती. शेजारच्या दोन गावांतूनही लोक आले होते. बाराला पाच कमी असताना दोन्ही किल्ल्या फिरल्या.

आधी मी नियम सांगितला. "अळीला कुंचल्यानं उताणी करायची. परत सरळ झाली तर जिवंत. नाही झाली तर मेली, मग ती कितीही हलत असो."

निळा दोरा. पहिली डबी उघडली, अळी काळी पडलेली. दुसरी, काळी. तिसरी, काळी. लोक मोजू लागले. "सात... आठ... नऊ..." अडतिसावी अळी जरा हलली. सगळ्यांनी श्वास रोखला. मी ती उताणी केली. तिनं पाय हवेत हलवले, आणि तशीच राहिली. मी साठ आकडे मोजून थांबले. "मेली." पन्नासपैकी पन्नास.

सावरबांधेंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बबनरावांनी नुसती मान हलवली. "लाल उघडा," ते म्हणाले.

पहिली डबी मी उघडली. पानाला मोठं भोक होतं. भोकाच्या काठावर अळी बसली होती आणि खात होती.

शपथेवर सांगते, मला पान कुरतडल्याचा आवाज आल्यासारखं वाटलं.

दुसरी उघडली. जिवंत. मी उताणी केली, तिनं क्षणात उडी मारल्यासारखं अंग फिरवलं आणि चालायला लागली. तिसरी मेलेली. चौथी जिवंत. पाचवी, सहावी, सातवी जिवंत. माझा आवाज चढत होता. "जिवंत!" "जिवंत!" पोरंसोरं, बायका, म्हातारे सगळे माझ्यामागून ओरडत होते. "जिवंत!" कालच्या आडव्या पडलेल्या एक्केचाळीस अळ्यांमधल्या बहुतेक उठल्या होत्या आणि औषधाचं पान खात होत्या.

पन्नासपैकी अडतीस.

मग पाण्याच्या डब्या. निळ्या दहाच्या दहा जिवंत. लाल दहांपैकी एक मेलेली. बबनराव एकदम उसळले. "पाण्यानं बी मेली! मंग हा हिशोब खोटा!"

"थांबा," मी म्हणाले. ती डबी उन्हात धरली. अळीचं नुसतं वाळकं कातडं राहिलं होतं आणि त्याच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा कोष. "हिला पाण्यानं नाही मारलं. हिच्या अंगात एका बारक्या गांधीलमाशीनं अंडं घातलं होतं. तिच्या पिल्लानं आतून खाल्ली. ही माशी तुमच्या वावरात आहे. फुकटात अळ्या मारते."

अनसूयाबाईंनी डबी हातात घेतली, डोळ्यांशी नेली. "फवाऱ्यानं ही माशी बी मरते का वो?"

"ही आधी मरते."

डबी हातोहात फिरत गेली. बबनराव खाली सतरंजीवर बसले. डबी त्यांच्या हातात आली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे औषध खरं."

"खरं."

"अन् अळी तीच, हिरवी. तुमच्या डब्यातली बी तेच अन् आमची बी तेच."

"तीच जात."

"मंग तुमच्यावाल्या कुठल्या हाय? अमेरिकेच्या?"

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. निकालाआधी सांगितलं असतं तर लोकांनी डब्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं. केंद्रात अळ्यांचं एक जुनं रजिस्टर आहे. त्याच्या पहिल्या पानावर पहिली ओळ मी शेकडो वेळा वाचली होती. मी दर महिन्याला दुसरं कुठलं गाव सोडून इथंच का येत होते, त्याचं कारणही ती ओळच होती.

"खैरडोहच्या," मी म्हणाले.

"काय?"

"खैरडोह शिवार, हरभऱ्यावरून, डिसेंबर अठ्ठ्याहत्तर. तेव्हा आमच्या केंद्रातल्या कुणीतरी तुमच्याच गावातून अळ्या नेल्या. त्यांची लेकरं, त्यांची लेकरं, अशा दोनशे पिढ्या आम्ही बेसनावर पाळल्या. या जातीचं औषध तेव्हा गावात आलेलं नव्हतं."

अनसूयाबाईंनी टेबलावरच्या काळ्या पडलेल्या अळ्यांकडे पाहिलं, मग लाल दोऱ्याच्या डब्यांकडे. "म्हंजे ह्या बी आपल्याच," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्या गाव सोडून गेल्या, त्या साध्या राहिल्या. अन् ज्या इथं राहिल्या, त्यायले आपण मारू मारू पैलवान केलं. कवळ्या होत्या त्या मेल्या, दांडग्या होत्या त्या उरल्या, अन् त्यायचीच लेकरं झाली."

सर पंचवीस पानांच्या अहवालात जे लिहायचे ते त्या बाईनं एका दमात सांगून टाकलं होतं.

बबनरावांनी मान वर केली. त्यांचा आवाज आता मोठा नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "पोरी, तू दर महिन्याले अळ्या नेतं. तुमाले हे कदीपासून माहीत हाय?"

जे दिसेल तेवढंच सांग, सर म्हणाले होते. वहीतले आकडे मला दिसले होते.

"दोन वर्षांपासून."

"अन् सांगतलं काहून नाही?"

'मी रोजंदारीची' हे काही उत्तर नाही. "सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "माझी चुकी झाली."

मला वाटलं आता कुलूप मला लागणार. पण बबनराव उठले आणि सावरबांधेंसमोर जाऊन उभे राहिले. दुकानाची किल्ली त्यांनी त्यांच्या हातावर ठेवली. माफी मागणं त्यांना जमलं नाही. म्हणाले, "दिवाकर, हे औषध आता ठेवू नोको."

"मी नाही ठेवलं तं तुमी तालुक्याहून आणसान. मग मीच येडा."

"नाही आणणार."

"अळी दिसली का तुमचा हात पंपाकडे जाते, बबनराव. माहीत नाही का मले?"

"नाही आणणार म्हणलो ना!"

"समद्यायसमोर म्हणा. ह्या पोरीसमोर म्हणा."

बबनरावांनी गावाकडे तोंड केलं आणि म्हटलं. मग एकेक जण उठून म्हणत गेला. आम्ही काय फवारायचं मग, हे विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की ते मला येत नाही, सर बुधवारी येतील. तोवर हातानं वेचा. बायका हसल्या. "वेचाले तं आमी शिकलो," त्या म्हणाल्या.

बुधवारी सर जीपमधून उतरले ते थेट ओट्यावर गेले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "दोन वर्षं आकडे माझ्या वहीत होते. ते तुमच्यापर्यंत आणणं माझं काम होतं, मी केलं नाही." मग त्यांनी सांगितलं ते गावानं लक्ष देऊन ऐकलं. आधी झाडावरच्या अळ्या मोजायच्या, मग ठरवायचं. पहिले दोन महिने जहाल औषध नाही, मित्रकिडे वाढू द्यायचे. एकाच गटाचं औषध लागोपाठ नाही, आणि हे सायपरमेथ्रिन हंगामात एकदाच, तेही शेवटी. अळीचा पतंग होतो, तो उडतो, त्याला गावाची शीव कळत नाही. म्हणून शेजारच्या गावांनाही बरोबर घ्या. बबनरावांनी ते काम अंगावर घेतलं. त्यांचा आवाज त्या कामी आला. चार गावं तयार झाली. सावरबांधेंनी दुकानाबाहेर फळा लावला आणि कुणाच्या वावरात दर झाडामागे किती अळ्या, ते रोज लिहू लागले. गिऱ्हाईक औषध मागायला आलं की आधी फळ्याकडे बोट दाखवायचे. त्यावरून त्यांची भांडणंही झाली.

आमच्या उरलेल्या ऐंशी अळ्या जगल्या. मी त्या हिवाळ्यात त्यांच्या खोलीत जवळजवळ राहायलाच होते.

पुढच्या ऑक्टोबरात मी पुन्हा खोकं घेऊन गेले. तोच ओटा, पन्नास निळ्या, पन्नास लाल. खैरडोहचे फवारे अकराचे पाचावर आले होते आणि कापूस आदल्या वर्षीइतकाच होता, थोडा जास्तच. पण सरांनी मला बजावलं होतं की अळीत फरक एवढ्या लवकर दिसणार नाही, अठरा वर्षांचं एका वर्षात फिरत नाही. गावाला आशा लावू नकोस. मी लावली नव्हती. आशा त्यांची त्यांनीच लावून घेतली होती. मोजणीच्या दिवशी चार गावांची माणसं आली होती, ओट्यावर जागा नव्हती म्हणून लोक कुंपणावर बसले होते.

निळ्या पन्नास मेल्या. लाल डब्या अनसूयाबाईंनी मला उघडू दिल्या नाहीत. कुंचला त्यांनी स्वतः हातात घेतला. उताणी करायच्या, वाट बघायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायच्या. या वेळी गाव उलटं ओरडत होतं. "मेली" म्हटलं की टाळ्या, "जिवंत" म्हटलं की "अरेरे." चाळिसाव्या डबीपर्यंत बबनराव उभे राहिले होते, पंचेचाळिसाव्याला सावरबांधे त्यांचा दंड धरून उभे होते. शेवटची डबी उघडली. अळी उताणी झाली. पाय हलले. आख्खी चार गावं त्या नखाएवढ्या अळीच्या पायांकडे बघत होती.

"मेली!" अनसूयाबाई म्हणाल्या.

मी बेरीज केली, परत केली, मग उभी राहून सांगितली. "जिवंत एकोणतीस. मागच्या वर्षी अडतीस होत्या."

नऊ अळ्यांचा फरक. सर नंतर म्हणाले, एवढ्याशा संख्येवरून काही सिद्ध होत नाही, अजून दोन वर्षं मोजावं लागेल. बरोबरच होतं त्यांचं, आणि आम्ही पुढे मोजलंही. पण त्या दुपारी सर तिथे नव्हते. बबनरावांनी सावरबांधेंना उचललं होतं, कुणी ताट बडवत होतं, कुंपणावरची माणसं खाली उड्या टाकत होती, आणि अनसूयाबाई कुंचला डोक्यावर धरून ओट्याच्या मधोमध फुगडीला मला ओढत होत्या.

नऊ अळ्यांसाठी एवढं नाचलेलं गाव मी परत कधी पाहिलं नाही.